विचारा सिस्टरना : लेकराचा खोकला

या महिन्यात पत्रं नि व्हॉट्सॲप मिळून जेवढं आलं त्यातलं निम्मं खोकल्याचंच आहे. साहजिक आहे म्हणा, पहाटे कृष्णेवर धुकं, कारखाने सुरू झालेत, शेताशेतात पाचट पेटतंय, आणि अंगणवाडीत एकाचं नाक वाहायला लागलं की आठवड्यात सगळ्यांचं. म्हणून यावेळी फक्त खोकलाच घेतेय (केसगळतीवाल्या ताई, तुमचं पुढच्या अंकात नक्की). नेहमीचं एकदा सांगून टाकते, मी डॉक्टर नाही, लहान मुलांच्या वॉर्डात २९ वर्षं सिस्टर होते, औषध लिहून देणं माझं काम नाही. काय बघायचं, काय करायचं नाही आणि कधी उठून पळायचं एवढं सांगू शकते.

प्रश्न : सिस्टर, माझी मुलगी २२ महिन्यांची आहे. आज नववा दिवस, खोकला जातच नाही. दिवसा खेळते, खाणं जरा कमी आहे, पण रात्री दोन-अडीचला उबळ आली की सगळं दूध ओकून टाकते आणि मग झोपते. सुरुवातीला दोन दिवस ताप होता, आता नाही. डॉक्टरांकडं दोनदा जाऊन आलो, छाती क्लिअर आहे म्हणाले, नाकात टाकायचे मिठाच्या पाण्याचे थेंब दिले, बास. सासूबाई म्हणतात हा कसला डॉक्टर, खोकल्याचं औषधच देत नाही. त्या रोज आंघोळीनंतर ओवा आणि लसणाच्या सालीची धुरी देतात, छातीला कापराचं तेल लावतात. परवा शेजारच्या काकूंनी त्यांच्या नातवाचं उरलेलं सिरप आणून दिलं, लेबलपण अर्धं पुसलंय. मी अजून पाजलं नाही. पण रोज ऐकतेय की तुझ्या हट्टापायी पोरीची छाती भरणार. खरंच भरेल का हो?
— एक आई, वाळवा तालुका

उत्तर : पाजलं नाहीस ते फार बरं केलंस. ती बाटली आजच कचऱ्यात घाल, पोरीच्या हाताला लागणार नाही अशी. आणि तुझ्या डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं नाही ना, तर तो डॉक्टर सोडू नकोस, चांगला आहे.

२०२५ च्या ऑक्टोबरमधलं आठवतंय का, मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडं खोकल्याचं सिरप पिऊन लहान लहान मुलं गेली, त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल नावाचं विषारी रसायन निघालं, मुलांच्या किडन्याच बंद पडल्या, त्यातली कितीतरी मुलं आपल्याकडं नागपूरला आणली होती. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्यानं डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्यांना कळवलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नका आणि पाच वर्षांखाली शक्यतो टाळा. त्याच्याआधी, २०२३ च्या डिसेंबरात, सर्दीच्या पाजायच्या थेंबांमध्ये जे दोन औषधांचं मिश्रण असतं (क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन) ते चार वर्षांखाली वापरू नका असाही आदेश निघाला होता. म्हणजे भेसळ हा एक भाग झाला, पण सिरप एकदम शुद्ध असलं तरी एवढ्या लहान मुलांना त्याचा फायदा होत नाही, उलट गुंगी येते, काहींना धडधड होते. गुंगीत पोर गप पडतं आणि आपल्याला वाटतं गुण आला.

उरलेल्या बाटलीचा आणखी एक धोका आहे तो मी वॉर्डात डोळ्यानं बघितलाय. तापाच्या पॅरासिटामॉलचंच घे, ड्रॉपमध्ये एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं आणि साध्या सिरपमध्ये पाच मिलीत १२५. नाव तेच, बाटली सारखीच, पण कुणी सिरपच्या हिशोबानं चमचाभर ड्रॉप पाजले तर चौपट औषध पोटात जातं. आणि डोस वजनावर असतो, शेजारच्या नातवाचं वजन वेगळं, तुझ्या लेकीचं वेगळं.

आता छाती भरण्याचं. नऊ दिवस म्हणजे तुला युग वाटत असेल, पण साध्या सर्दीचा खोकला दोन आठवडे सहज राहतो, काही पोरांचा तीन आठवडे रेंगाळतो, आणि या वयात वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणं यात काही विशेष नाही. ताप गेलाय, पोरगी खेळतेय. रात्री वाढतो कारण आडवं झालं की नाकातला शेंबूड मागनं घशात उतरतो, त्याची उबळ येते. लहान मुलांना थुंकता येत नाही, कफ गिळतात, पोटात साठला की दुधाबरोबर बाहेर. ओकल्यावर शांत झोपते म्हणतेस ना, ते त्यामुळंच. शेंबूड हिरवा-पिवळा झाला तरी घाबरू नकोस, तेवढ्यावरून अँटिबायोटिक लागत नाही.

लोक खोकल्याच्या आवाजावरून ठरवतात, घरघर ऐकली की छाती भरली म्हणतात, पण ती घरघर बऱ्याचदा नाकातलीच असते. तू आवाज सोड आणि छाती बघ. पोरगी झोपलेली असताना किंवा मांडीवर शांत असताना झबलं वर कर, लाईट लाव आणि पूर्ण एक मिनिट मोज, अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नको. पोट-छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास. तिच्या वयाला, म्हणजे एक ते पाच वर्षांत, मिनिटाला ४० किंवा जास्त झाले तर तो जलद श्वास. दोन महिने ते एक वर्ष असेल तर ५०, आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६०. रडून उठल्यावर किंवा तापात मोजलं तर जास्तच येणार, थोडं थांबून परत मोज. आमच्या वॉर्डात एक आजी होत्या, आकडे यायचे नाहीत त्यांना, मी त्यांच्या ओटीत कापसाचे ४० बोळे टाकले, म्हटलं एका श्वासाला एक बोळा ट्रेमध्ये टाका, मी घड्याळ धरते, मिनिटाच्या आत बोळे संपले तर बघू. आजींनी इतकं मन लावून केलं की पुढं शेजारच्या खाटेवरच्या पोराचेपण त्याच मोजायला लागल्या.

दुसरं बघायचं ते बरगड्यांच्या खाली. श्वास घेताना तिथं खळगी पडत असेल, छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, कण्हत असेल, ओठ-जीभ निळसर दिसत असेल, पाणीसुद्धा पीत नसेल, किंवा उठवून उठत नसेल, तर वाट बघायची नाही, रात्रीचे दोन असोत नाहीतर चार, दवाखाना गाठायचा, गाडी नसेल तर १०८ लावायचा. आणि जलद श्वास असेल पण बाकी ठीक असेल तरी त्याच दिवशी दाखवायचं. यातलं काही नसेल तर मग खोकू दे तिला.

ताप जाऊन परत आला तर दाखव. खोकताना उबळीवर उबळ येऊन शेवटी लांब हूप करून श्वास ओढत असेल तर तो डांग्या खोकला असू शकतो, लसीचं कार्ड काढून बघ, डांग्या खोकल्यापासून वाचवणाऱ्या लसी, म्हणजे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची पेंटाव्हॅलंट आणि १६ ते २४ महिन्यांतला डीपीटीचा बूस्टर (पुन्हा द्यायचा डोस) झालाय का. तुझी लेक २२ महिन्यांची आहे, बूस्टर राहिला असेल तर खोकला कमी झाला की लगेच जा. आणि दोन आठवड्यांच्या पुढं खोकला लांबला, वजन उतरायला लागलं किंवा घरात कुणाला टीबी झालेला असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांग. आपल्याकडं टीबी म्हटलं की लोक दार लावून घेतात, पण तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत आणि मुलं बरी होतात.

धुरी मात्र बंद. ओव्याची असो, लसणाची असो, उदाची असो, धूर तो धूर, सुजलेल्या नळ्यांना तो आणखी चिडवतो. कापूरही नको, दोन वर्षांखाली तर बिलकूल नको, तेलाचा हात लेकीच्या तोंडात जातो, आणि कापूर पोटात गेला तर फिट येऊ शकते. नाकात तूप-तेलाचा थेंबही नको, ते फुप्फुसात उतरून वेगळंच दुखणं होतं. ब्रँडीचं तू लिहिलं नाहीस पण दुसऱ्या दोन पत्रांत आहे म्हणून सांगते, ना पाजायची ना चोळायची. गरम पाण्याच्या पातेल्यावर वाफ द्यायला जाऊन भाजलेली मुलं मी ड्रेसिंगला बघितलीत, तेही नको.

करायचं काय मग? ते मिठाच्या पाण्याचे थेंब, ज्यांना सासूबाई औषध मानत नाहीत, ते दूध पाजायच्या आणि झोपायच्या आधी दोन-दोन थेंब टाक, मिनिटभर थांब आणि मऊ फडक्यानं नाक पूस. अंगावर पीत असेल तर पाजत राहा. कोमट पाणी, वरणाचं पाणी, पेज, थोडं थोडं पण सारखं. रात्री झोपताना अर्धा चमचा मध चाटव, तिचं वर्ष उलटलंय त्यामुळं चालतं. आणि सासूबाईंना रिकामं ठेवू नकोस, भांडण तिथूनच सुरू होतं. त्यांना सांग, आई, साधं खोबरेल कोमट करून तुम्हीच पाठीला चोळा, तुमच्या हाताला ती झोपते. तेलानं खोकला जात नाही, पण आजीच्या हातानं पोर झोपतं हे मी शपथेवर सांगेन.

प्रश्न : आमच्या घरच्या पेट्यांचा मध आहे, एक थेंब साखर नाही. नातू आठ महिन्यांचा, त्याला खोकला झालाय. सून चाटवू देत नाही, म्हणते गुगलवर वाचलं. शुद्ध मधानं कधी कुणाचं वाईट झालंय का?
— एक आजोबा, महाबळेश्वर तालुका

उत्तर : आजोबा, तुमच्या मधावर शंका नाही, मांघरला मधाचं गाव म्हणतात त्या डोंगरातला मध तुमचा, मलाही एक बाटली पाठवा. पण सून बरोबर आहे. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात, फुलाच्या-मातीच्या संगतीनं ते येतात, शुद्ध-अशुद्धाचा संबंध नाही, मध गरम करूनही ते मरत नाहीत. मोठ्यांच्या आतड्यात त्यांचं काही चालत नाही, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात, बाळ लुळं पडतं, दूध ओढता येत नाही, श्वासावर येतं. क्वचित होतं, पण होतं तेव्हा फार वाईट. पहिला वाढदिवस होऊ द्या, मग आजोबांच्याच बोटानं चाटवा. सुनेला एकदा शाबास म्हणा, ती मागणार नाही पण म्हणा.

प्रश्न : मुलगा साडेचार वर्षांचा. दरवर्षी फेब्रुवारीत आमचं बेदाण्याचं शेड चालू झालं की याचा खोकला चालू, एप्रिलपर्यंत. रात्री नि पहाटे जास्त, पळाला की ढास लागते, शिट्टीसारखा आवाज येतो. या वर्षी थंडीतच सुरू झालं. डॉक्टर बालदमा म्हणाले आणि पंप (इनहेलर) दिला. घरात सगळे म्हणतात पंपाची सवय लागते, एकदा लागला की जन्मभर. सिरपनं भागवता येणार नाही का? गरज पडली तर नेब्युलायझर (औषधाचा धुक्यासारखा फवारा देणारं मशीन) विकत घेऊ.
— तासगावचा एक बाप

उत्तर : दादा, पत्रातच तुम्ही अर्धं उत्तर लिहिलंय. शेड चालू की खोकला चालू. बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात ना, त्यातनं जो वायू निघतो तो दम्याच्या नळ्या लगेच आवळतो, मोठ्या माणसालासुद्धा ठसका बसतो, हा तर साडेचार वर्षांचा. पीक सोडा असं मी म्हणणार नाही, त्यावरच घर चालतं. पण धुरी द्यायच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पोराला मामाकडं पाठवा, नाहीतर शेडच्या उलट्या बाजूच्या खोलीत झोपवा, आणि शेडमधल्या कपड्यांनी त्याला कडेवर घेऊ नका. घरात कुणी विडी-सिगरेट ओढत असेल तर अंगणातही नको, बाहेर म्हणजे बाहेर. चूल असेल तर तिच्यापाशी बसवू नका.

पंपाचं. सवय पंपाची लागत नाही, दमा असतो म्हणून पंप लागतो, चष्म्यानं नंबर वाढतो म्हणण्यातला हा प्रकार. उलट हिशोब बघा, पंपाच्या एका दाबात साल्ब्युटामॉल १०० मायक्रोग्रॅम असतं आणि त्याच औषधाच्या सिरपच्या पाच मिलीत २ मिलिग्रॅम, म्हणजे वीसपट. सिरप पोटातनं रक्तात, सगळ्या अंगात फिरून मग थोडंसं छातीत, म्हणून मुलांचे हात थरथरतात. पंपाचं सरळ जागेवर जातं. सिरप सौम्य आणि पंप कडक, हे आपल्या डोक्यात कुणी घातलं देव जाणे.

फक्त पंप नुसता तोंडात धरून मारू नका, बरंचसं औषध जिभेवरच बसतं. स्पेसर घ्या, ते प्लास्टिकचं नळकांडं, या वयाला मास्कवालं नाहीतर तोंडात धरायचं, डॉक्टर सांगतील तसं. पंप हलवायचा, स्पेसरला लावायचा, मास्क नाका-तोंडाला घट्ट, एक दाब, आणि पोराला पाच-सहा श्वास नेहमीसारखे घेऊ द्यायचे. दुसरा दाब हवा असेल तर परत हलवून. दोन दाब एकदम मारायचे नाहीत, हे लोक हमखास करतात. आठवड्यातनं एकदा स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवा, फडक्यानं आतनं पुसू नका, पुसलं की आतल्या भिंतीला औषध चिकटायला लागतं. दोन पंप दिले असतील तर कुठला धाप लागल्यावरचा आणि कुठला रोजचा हे डॉक्टरांकडून बाटलीवर मार्करनं लिहून घ्या. रोजच्यात स्टिरॉइड असतं, घाबरू नका, मात्रा अगदी कमी असते, घेतल्यावर चूळ भरायला लावा. बरं वाटलं म्हणून रोजचा मध्येच बंद केला की फेब्रुवारीत पुन्हा दवाखान्यात भेट ठरलेली. नेब्युलायझरचे पैसे वाचवा, स्पेसरनं नीट घेतलं तर तेवढंच काम होतं.

प्रश्न : मुलगा अडीच वर्षांचा. पंधरा दिवसांपूर्वी अंगणात शेंगा फोडत बसलो होतो, हा हसत हसत पळत होता, एकदम ठसका लागला, चेहरा लाल झाला, मग आपोआप थांबलं. तेव्हापासून खोकतोय. सर्दी नाही, नाक कोरडं. दोन अँटिबायोटिक झाली, एक्सरे नॉर्मल. आता ताप यायला लागलाय.
— सातारा जिल्ह्यातली एक आई (गाव छापू नका)

उत्तर : हे पत्र आलं त्याच दिवशी मी फोन केला, अंक निघायची वाट बघण्यासारखं नव्हतंच. पहिला प्रश्न विचारला, ठसक्याचं डॉक्टरांना सांगितलं होतं का? नव्हतं. खोकल्यासाठी आलो एवढंच सांगितलं, शेंगा डोक्यातनं गेल्या. दोष कुणाला द्यायचा, पंधरा दिवसांपूर्वीचा ठसका कोण लक्षात ठेवतं. मोठ्या दवाखान्यात सांगून पाठवलं, दुर्बीण घालून उजव्या बाजूच्या नळीतनं शेंगदाण्याची अर्धी डाळ काढली. पोरगं आता घरी आहे, त्यांच्या परवानगीनं छापतेय. एक्सरेत शेंगदाणा दिसत नाही, नाणं दिसतं, बॅटरीचा सेल दिसतो, पण दाणा नाही, त्यामुळं एक्सरे नॉर्मल म्हणजे सगळं नॉर्मल असं नसतं. सर्दीशिवाय, अचानक, खाताना-खेळताना सुरू झालेला खोकला असेल तर तेच वाक्य डॉक्टरांना पहिलं सांगा.

शेंगदाणे, फुटाणे, डाळिंब्या, सीताफळाची बी, चिंचोका, अख्खं द्राक्ष, हे चार-पाच वर्षांपर्यंत तसंच द्यायचं नाही. दाण्याचं कूट करून द्या, द्राक्षं उभी चिरून. आणि पळताना घास भरवायचा नाही, हे आपल्याकडच्या आज्यांना सांगायला मला भीती वाटते पण सांगतेच.

ठसका लागला आणि पोर खोकतंय, आवाज निघतोय, तर खोकू द्या, पाठीत मारू नका, तोंडात बोट तर मुळीच घालू नका, दाणा आणखी आत जातो. आवाज बंद, श्वास बंद, रंग काळानिळा होत असेल तर मात्र थांबायचं नाही. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर हातावर पालथं, डोकं खाली, पाठीवर दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळहाताच्या टाचेनं पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या टाचेनं पाच दाब, आलटून पालटून. मोठं मूल असेल तर पाच थापा, मग मागनं मिठी मारून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर पाच झटके. कुणाला तरी त्याच वेळी १०८ लावायला सांगा. हे वाचून येत नाही, कुठं शिकवत असतील तर जाऊन बाहुलीवर करून बघा.

प्रश्न : खोकला असताना केळं, दही, भात बंद करायचं का? आणि आंघोळ?
— मिरज

उत्तर : केळ्यानं खोकला होत नाही, फ्रीजमधनं काढलेलं बर्फासारखं देऊ नका एवढंच. दही ताजं असेल तर द्या. भात बंद केला तर आजारी पोर खाणार काय, बिस्किटं? मऊ भात, वरण, वर थोडं तूप. आंघोळ कोमट पाण्यानं, दार लावून, पटकन, आणि डोकं लगेच कोरडं करा. आंघोळीनंतरच्या धुरीचं वर लिहिलंय, ते पान सासूबाईंसमोर मोठ्यानं वाचू नका, उघडं करून टीव्हीपाशी ठेवून द्या.